कापडाची बस

त्या बुधवारी टेलरबाईंच्या सासूबाई सकाळी दहाला घराबाहेर पडल्या आणि पाऊण वाजता परत आल्या. एवढ्या वेळात त्या फक्त चाळीस पायऱ्या चढल्या आणि चाळीस पायऱ्या उतरल्या होत्या.

आमची आळी शहराच्या अगदी मध्यात आहे, पण खोलगट भागात. वर मोठा रस्ता, सगळ्या बस त्यावरून जातात. खाली आम्ही. मधे शहाण्णव पायऱ्यांचा दगडी जिना. जिना नको असेल तर गोदामांच्या मागून वळसा घालायचा, त्याला पंचवीस मिनिटं लागतात. पूर्वी असं नव्हतं. सतरा नंबरची बस आळीतून जायची, अगदी दारावरून. तीन वर्षांपूर्वी गटारांच्या कामासाठी ती ‘तात्पुरती’ बंद झाली. गटारं चार महिन्यांत झाली. थांब्यावरची ‘तात्पुरती बंद’ ही पाटी गंजून गेली, पण बस काही परत आली नाही.

सासूबाईंची धाकटी बहीण शहराच्या पलीकडच्या टोकाला राहायची. दोघीही सत्तरीच्या पुढच्या. दर बुधवारी एक दुसरीकडे जायची, दिवसभर बसून दोघी आपापल्या सुनांना नावं ठेवायच्या आणि संध्याकाळी खुशीत निरोप घ्यायच्या. बस बंद झाल्यावर धाकटीचं येणं थांबलं, जिना चढता-उतरताना तिला दम लागायचा. थोरली मात्र हट्टाने जात राहिली. त्या बुधवारी चाळिसाव्या पायरीवर गुडघ्यांनी संप पुकारला. वर जाववेना, खाली उतरवेना. दोन-अडीच तास त्या तिथेच बसून राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं तर म्हणायच्या, ऊन खातेय. शेवटी गॅसचे सिलिंडर पोचवणाऱ्या माणसाने काही न विचारता हात पुढे केला आणि त्यांना एकेक पायरी खाली आणलं.

घरी यातलं त्यांनी काहीच सांगितलं नाही. बाहेर जायच्या चपला पुसल्या, कागदात गुंडाळल्या आणि माळ्यावर टाकून दिल्या. टेलरबाई मशीनवर बसून हे बघत होत्या. खरी हकिगत त्यांना दुसऱ्या दिवशी सिलिंडरवाल्याकडून कळली.

टेलरबाईंचं वय बेचाळीस. एक खोली, दोन मशीन, शाळांचे गणवेश आणि दवाखान्यांचे कोट. बोलणं मोजकं. गळ्यात कायम टेप. आळीत लोक म्हणायचे, या बाई समोरच्याचे आधी खांदे मोजतात आणि मग त्याचं ऐकतात. नवरा दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी, पहाटे जिना चढून जायचा. तो म्हणाला, अर्ज तर सगळ्यांनी केलेत, तूही करून बघ. टेलरबाई म्हणाल्या, अर्ज नाही, मी स्वतःच जाते.

बस महामंडळाच्या मार्ग विभागात त्या तीनदा गेल्या. पहिल्या दिवशी टोकनं संपली होती. दुसऱ्या दिवशी फाइल सापडत नव्हती. तिसऱ्या दिवशी फाइलही सापडली आणि मार्ग अधिकारीही. अधिकारी म्हणजे पन्नाशीच्या एक बाई, चष्मा कपाळावर, टेबलावर टोक केलेल्या पेन्सिलींचा गठ्ठा. बोलायला सरळ होत्या. सतरा नंबर परत का सुरू झाली नाही ते त्यांनी फाइल उघडून दाखवलं. त्या काळात महामंडळाने सगळ्या बस बदलल्या. नव्या बस बारा मीटरच्या. पाण्याच्या टाकीजवळ आळीचा रस्ता जिथे काटकोनात वळतो तिथे ती बस बसत नाही. शेरा स्पष्ट होता: वळण अपुरं, मार्ग अव्यवहार्य.

टेलरबाईंनी विचारलं, हे माप कोणी घेतलं?

अधिकारीबाईंनी फाइलचं पान उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, नकाशावरून घेतलंय. जागेवर कोणी गेल्याची नोंद नाही.

“मॅडम, आम्ही गिऱ्हाइकाच्या अंगावर टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही,” टेलरबाई म्हणाल्या. “तुम्ही तर अख्खी आळी कापून टाकलीत.”

शेजारच्या टेबलावरचा कारकून खोकला. अधिकारीबाई रागावल्या नाहीत. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदा टेलरबाईंकडे नीट पाहिलं. नऊ मीटरच्या काही बस आगारात आहेत, त्यांनी सांगितलं. पण त्या तिथे वळतील याचा पुरावा हवा, आणि वळल्याच तर बसायला माणसं असतील याचाही. दोन्ही आणलंत तर चाचणी फेरी लावते. मग त्यांनी एका चिठ्ठीवर बसची मापं लिहून दिली. लांबी, रुंदी, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर.

ती चिठ्ठी घेऊन टेलरबाई थेट उस्तादांकडे गेल्या. उस्ताद म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. सव्वीस वर्षं त्यांनी सतरा नंबरच चालवली होती. निवृत्तीनंतर दुपारभर पत्ते कुटायचे आणि आजकालच्या ड्रायव्हरांना नावं ठेवायची, एवढाच त्यांचा दिनक्रम. टेलरबाईंनी जमिनीवर खडूने आळीचं वळण लहान प्रमाणात काढलं आणि चिठ्ठीतल्या मापांवरून त्याच प्रमाणात कापलेला पुठ्ठा त्यावर फिरवून दाखवला. पुठ्ठा बसत होता.

उस्तादांनी पत्ते खाली ठेवले. “असं नसतं बाई. पुठ्ठा सरकतो, बस वळते. पुढची चाकं जिथून जातात तिथून मागची जात नाहीत, ती आतून कापत येतात. आणि नाक बाहेर फेकलं जातं. ते कागदावर नाही कळायचं. त्याला चाकं लागतात.”

“मग चाकं लावू,” टेलरबाई म्हणाल्या.

उस्ताद हसले, पण त्यांनी त्या दिवशी पुन्हा पत्ते उचलले नाहीत.

पुढचा आठवडाभर टेलरबाईंच्या खोलीसमोर जे चाललं होतं ते बघायला लोक वाकडी वाट करून येत होते. दोन दोनचाकी हातगाड्या, एक भाजीवाल्याची, एक भंगारवाल्याची. त्या दोन्हींना जोडणारी रंगाऱ्याची लांब शिडी. मागची गाडी शिडीला घट्ट बांधलेली, पुढची एका खिळ्यावर फिरणारी, म्हणजे स्टेअरिंग. वर प्लंबरकडच्या पाइपांचा नऊ मीटरचा सांगाडा. आणि त्या सांगाड्यावर घालायला टेलरबाई कापड शिवत होत्या. जुने पडदे, कोटांचं उरलेलं अस्तर, फाटक्या चादरी. खिडक्यांच्या जागी त्यांनी पांढरे चौकोन शिवले. खिडक्यांची गरज नाही, मापाशी मतलब, असं उस्तादांनी सांगून पाहिलं. टेलरबाई म्हणाल्या, माझ्या हातून अर्धवट काम बाहेर जात नाही.

रविवारी सकाळी कापडाची बस निघाली. पुढच्या हातगाडीला टेलरबाईंचा नवरा, मागे भंगारवाला, दोन्ही अंगांना पाइप धरून आठ-दहा जण. उस्ताद रस्त्याच्या मधोमध उलटे चालत हातवारे करत होते. अर्धी आळी मागे, अर्धी खिडक्यांत. कोणी विचारलं, ब्रेक आहेत का? कोणी थांब्यावर उभं राहून हात केला. तीन वर्षं बसची वाट पाहून कंटाळलेल्या एका आजोबांनी तर कापड वर करून आत शिरून घेतलं आणि उतरायला नकार दिला. टेलरबाई मात्र हसत नव्हत्या. जिथे कापड कशाला तरी घासेल तिथे त्या थांबायच्या, टेप लावायच्या आणि खडूने खूण करायच्या.

आळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापड फक्त चार ठिकाणी अडलं. पहिली अडचण म्हणजे न्हाव्याच्या दुकानापुढच्या कुंड्या. त्या न्हाव्याने तिथल्या तिथे उचलल्या. दुसरी, आडव्यातिडव्या लावलेल्या दुचाक्या. त्यांच्या मालकांना त्यांच्या बायकांनीच खिडकीतून काय ते सुनावलं. तिसरा, रस्त्यावर झुकलेला विजेचा खांब. त्यासाठी वीज कार्यालयात खेटे घालावे लागले, पण तो खांब तसाही बदलायचाच होता. पाच आठवड्यांत नवा खांब भिंतीला चिकटून उभा राहिला.

घोडं अडलं ते चौथ्या जागी. टाकीजवळच्या वळणावर, आतल्या कोपऱ्याला, एका दुकानाचा दगडी ओटा हातभर पुढे आला होता. पुढची हातगाडी झोकात वळली आणि मागचं चाक त्या ओट्यावर जाऊन आपटलं. उस्तादांनी तीन वेळा मागे घेऊन पाहिलं. तिन्ही वेळा तेच. हातभर दगड सोडला तर वळण साफ होतं.

आणि ते दुकान टेलरबाईंच्या थोरल्या दिरांचं होतं.

थोरले दीर कुलपं-किल्ल्यांचे कारागीर. हात सोन्याचा, जीभ कानशीसारखी. वडील गेल्यावर दोघा भावांत काही बोलाचाली झाली होती. नेमकं काय ते आता दोघांनाही आठवत नसावं, पण चार वर्षं दोघं एकमेकांना पाहून रस्ता बदलत होते. आई धाकट्याकडे राहायची, थोरला सणावारी नाही तर दुखल्याखुपल्याला येऊन जायचा, तेही धाकटा कामावर असताना. कापडाची बस आपल्या ओट्यापाशी अडली तेव्हा थोरले दीर दारात उभे होते. सगळी आळी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं.

टेलरबाई दुसऱ्या दिवशी एकट्या गेल्या. भाऊजी, असं म्हणून त्यांनी सगळं नीट समजावलं, टेप लावून दाखवलं. दिरांनी किल्ली घासता घासता ऐकून घेतलं आणि सांगितलं की गिऱ्हाइकं ओट्यावर बसतात, ओटा वडिलांनी बांधलेला आहे, आणि वडिलांच्या दगडाला हात लावायला धाकट्याने बायकोला पुढे करू नये. टेलरबाई परत आल्या. त्या दिवशी त्यांनी एका गणवेशाची कॉलर उलटी शिवली. असं त्यांच्या हातून कधी होत नसे.

सासूबाईंना हे घरात कोणी सांगितलं नव्हतं. पण आळीत गोष्ट लपते होय? गुरुवारी दुपारी त्या उठल्या, काठी घेतली आणि सपाट रस्त्याने हळूहळू टाकीपर्यंत चालत गेल्या. दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाइकं होती. मुलाने लगबगीने स्टूल दिलं, चहा सांगू का विचारलं. त्या बसल्या आणि म्हणाल्या, चहा नको, मी एक माप सांगायला आलेय.

“हा ओटा तुझ्या वडिलांनी बांधला तेव्हा सतरा नंबर याच वळणावरून जायची,” त्या म्हणाल्या. “त्यांचा दगड त्या भेगेपर्यंत होता. भेगेच्या पुढचा हातभर तू वाढवलास, बस बंद झाल्यावर. बापाच्या नावावर स्वतःचा दगड खपवू नकोस.”

दीर हळू आवाजात म्हणाले, “आई, लोकांसमोर कशाला?”

“रस्ता लोकांचाच आहे. मग कुणासमोर बोलू?”

गिऱ्हाइकं छताकडे बघू लागली.  मग सासूबाईंनी मुलाला ती बुधवारची गोष्ट सांगितली, जी त्यांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती. चाळिसावी पायरी, दोन-अडीच तास, आणि ऊन खातेय हे खोटं. सांगताना त्या रडल्या बिडल्या नाहीत. सांगून झाल्यावर काठी टेकत उठल्या आणि आल्या तशा निघाल्या. दीर दुकान तसंच उघडं टाकून घरापर्यंत त्यांच्या मागोमाग चालत आले, पण उंबऱ्यातूनच परत फिरले.

सोमवारी त्यांच्या दुकानाला सुट्टी असते. सकाळी आठ वाजता टाकीकडून हातोड्याचे ठोके ऐकू यायला लागले. टेलरबाईंच्या नवऱ्याचीही त्या दिवशी सुट्टी होती. तो खिडकीत उभा राहून थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्याने एक घमेलं उचललं आणि गेला. लोकांनी पाहिलं ते इतकंच की थोरला छिन्नीने दगड फोडत होता आणि धाकटा घमेल्यात तुकडे भरून नेत होता. दुपारपर्यंत दोघांत झालेलं सगळं बोलणं म्हणजे एकदा “जरा इकडून धर” आणि एकदा “बोटं सांभाळ”. भेगेपाशी येऊन थोरला थांबला. कड त्याने कानशीने घासून गुळगुळीत केली, कुलपाच्या कडीसारखी. मग दोघं धाकट्याच्या घरी जेवायला बसले. आईने दोघांना वाढलं आणि चार वर्षांचा विषय कुणीच काढला नाही.

एवढं होईपर्यंत प्रवाशांची मोजणीही झाली होती. आळीतल्या बायकांनी वाटून घेऊन तीन दिवस, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, जिन्याच्या तळाशी बसून चढणारा-उतरणारा प्रत्येक माणूस वहीत रेघ ओढून नोंदवला. काही जणी विणकाम घेऊन बसल्या. एकीने आपल्याच नवऱ्याची रेघ दोनदा ओढली, कारण तो डबा विसरून परत आला होता. त्यावरून वाद झाला आणि शेवटी ती रेघ खोडली गेली, कारण टेलरबाईंचा हुकूम होता की एकही रेघ खोटी नको. दिवसाला सहाशे चाळीस. त्यात काठी घेऊन चढणारे, पोटुश्या बायका आणि कडेवर मूल असलेले, यांना वेगळी खूण.

नवा खांब उभा राहिल्यावर वही आणि वळणाचं माप घेऊन त्या पुन्हा मार्ग विभागात गेल्या. अधिकारीबाईंनी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. खोडलेली रेघ दिसल्यावर त्यांनी कारण विचारलं. टेलरबाईंनी डब्याची गोष्ट सांगितली. अधिकारीबाईंनी पेन्सिल उचलली आणि तारीख लिहून दिली. पुढच्या गुरुवारी, सकाळी दहा वाजता.

त्या गुरुवारी आळीत दुचाकी सोडा, एक मांजरही रस्त्यावर आडवं नव्हतं. दहाला पाच कमी असताना नऊ मीटरची पांढरी बस वरच्या रस्त्यावरून गोदामांच्या बाजूने खाली उतरली. आत अधिकारीबाई, एक कारकून आणि आगाराचा ड्रायव्हर. ड्रायव्हर चाळिशीचा, धिप्पाड, आणि चेहऱ्यावरून दिसत होतं की हे काम त्याच्या गळ्यात मारलेलं आहे. बस सरळ रस्त्यावर आरामात आली. न्हाव्याच्या दुकानावरून गेली, नव्या खांबावरून गेली. टाकीपाशी आल्यावर ड्रायव्हरने ब्रेक लावला, खिडकीतून मान बाहेर काढून वळण पाहिलं आणि इंजिन बंद केलं. म्हणाला, इथे गाडी जात नाही. ओरखडा आला तर उत्तर मला द्यावं लागतं.

 अधिकारीबाई खाली उतरल्या आणि टेलरबाईंना म्हणाल्या की चालवणारा नाही म्हणाला तर आपल्याला जबरदस्ती करता येणार नाही, नियमच तसा आहे.

 टेलरबाईंनी पिशवीतून खडू काढला, रस्त्यावर उकिडव्या बसल्या आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूने एक रेघ ओढायला सुरुवात केली. कापडाची बस त्यांनी त्या वळणावरून एकदा नाही, ओटा फुटल्यानंतर वीस वेळा फिरवली होती. पुढचं चाक कुठून गेलं की मागचं कुठून येतं हे त्यांना आता पॅन्टच्या शिलाईसारखं पाठ होतं. रेघ आधी सरळ गेली, वळण आलं तरी वळली नाही, कोणाला वाटावं चुकली, आणि मग अगदी शेवटी एका दमात वळली. पंधरा पावलांची, न थरथरता काढलेली रेघ.

ड्रायव्हर वरून बघत होता. “बाई, मी खडूवर गाडी चालवत नाही,” तो म्हणाला.

उस्ताद इतका वेळ कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले. आवाज न चढवता म्हणाले, “नको चालवू. खाली उतर आणि ती रेघ फक्त बघ. तुला कळेल. आपल्या धंद्यातला माणूस आहेस.”

आपल्या धंद्यातला म्हटल्यावर ड्रायव्हरला उतरणं भाग पडलं. रेघेच्या सुरुवातीला तो उभा राहिला आणि पावलापुढे पाऊल ठेवत शेवटपर्यंत गेला. मग आतल्या कोपऱ्याशी आला, दिरांनी घासलेल्या कडेवरून तळहात फिरवला, वाकून मागच्या चाकाची वाट डोळ्यांनी मोजली. दुसऱ्यांदा मोजली. तिसऱ्यांदा त्याने मोजलं नाही. टेलरबाईंकडे बघून त्याने विचारलं, हे तुम्ही काढलंत? कुठे शिकलात? त्या म्हणाल्या, बाही बसवताना.

तो वर चढला. इंजिन सुरू झालं. बस चालत्या माणसाच्या वेगाने पुढे सरकली. नाक रेघेवरून सरळ गेलं, टाकीच्या भिंतीच्या इतकं जवळ की खिडकीतल्या कारकुनाने अंग चोरलं. मग स्टेअरिंग फिरलं. नाक भिंतीपासून सुटलं, आणि मागचं चाक आतल्या कोपऱ्याकडे कापत यायला लागलं. थोरले दीर दुकानाच्या दारात उभे होते. चाक भेगेच्या समोरून गेलं. चाक आणि दगड यांच्यामध्ये वीतभर उजेड होता. शेपूट वळणाबाहेर आलं आणि बस सरळ रस्त्यावर लागली.

सुरुवातीला कुणाला कळलंच नाही की झालं. मग टाळ्या सुरू झाल्या, खिडक्यांतून, गच्च्यांतून, भांडी वाजायला लागली. उस्तादांनी टोपी काढली आणि डोळे पुसले आणि कोणीतरी विचारल्यावर धूळ गेली म्हणाले. ड्रायव्हरने पुढे जाऊन बस थांबवली नाही. तो वळसा घालून गोदामांकडून परत आला आणि त्याच वळणावरून दुसऱ्यांदा गेला, या वेळी थोड्या जास्त वेगाने आणि एका हाताने हॉर्न वाजवत. अधिकारीबाई रस्त्यात हातात घड्याळ धरून उभ्या होत्या. आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सात मिनिटं. त्यांनी लिहिलं, पेन्सिलीने नाही, पेनाने. जाताना टेलरबाईंना म्हणाल्या, शिफारस माझी, मंजुरी वरून येते, पण या शिफारशीला नाही म्हणायला त्यांना इथे येऊन ही रेघ पुसावी लागेल.

मंजुरी तीन आठवड्यांनी आली. पहिली फेरी बुधवारी ठेवावी अशी विनंती टेलरबाईंनी केली होती, कारण विचारल्यावर घरगुती आहे एवढंच सांगितलं होतं.

त्या बुधवारी सकाळी थांब्यावर एवढे लोक होते की बस दिसायच्या आधीच रांग न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली. सासूबाईंना सगळ्यांनी पुढे केलं. बस आली, दार उघडलं, आणि त्यांनी पायरीवर पाय ठेवायच्या आधीच आतून एक हात बाहेर आला. धाकटी बहीण. ती पहाटेच उठून पलीकडच्या टोकाला पहिल्याच फेरीत बसली होती, थोरलीला चकित करायला.

दोघी दारातच उभ्या राहिल्या. एक उतरू बघत होती, एक चढू बघत होती. मागे रांग खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही. शेवटी थोरली म्हणाली, “मला बसायचंय या बसमध्ये. तू उतरू नकोस, सरक आत.” मग दोघी खिडकीशी शेजारी शेजारी बसल्या आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या, तिथे न उतरता परत आल्या, आणि पुन्हा गेल्या. दुपारी टेलरबाईंनी खिडकीतून पाहिलं तेव्हा त्या तिसऱ्यांदा घरावरून जात होत्या. थोरलीने खिडकीतून सुनेकडे बोट दाखवलं आणि बहिणीला काहीतरी सांगितलं. ते नावं ठेवणं नव्हतं, हे टेलरबाईंना लांबूनही कळलं.

दीड महिन्यानंतर टेलरबाई पुन्हा मार्ग विभागात गेल्या. या वेळी टोकन घ्यावं लागलं नाही, दारातल्या शिपायानेच आत नेलं. अधिकारीबाईंनी विचारलं, आता काय अडलं? टेलरबाई म्हणाल्या, तक्रार आहे. सकाळच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, माझा नवरा काल दारात लोंबकळत गेला. सहाशे चाळीस आम्ही मोजले होते, पण आता पलीकडच्या आळीतलेही इकडूनच जातात, नवा आकडा नऊशेच्या वर आहे. अधिकारीबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्या मोठ्याने हसल्या. कारकुनाने मान वर करून बघितलं, त्याने हे यापूर्वी पाहिलं नव्हतं. त्यांनी आगाराला फोन लावला आणि उभ्या उभ्या दुसरी बस मागून घेतली.

आता सकाळी दोन बस असतात. टाकीच्या अलीकडे रस्ता जरा रुंद आहे, तिथे त्या समोरासमोर येतात. वर जाणारी थांबते, खाली येणारी पुढे निघते. दोन्ही ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून एकमेकांच्या तळहातावर टाळी देतात आणि आतले लोक, उभे आणि बसलेले, पडू नये म्हणून दांडा धरतात.